तेल विकलं, पैसे जमा झाले. मग क्रेन का आली नाही?

चाकण-तळेगाव रस्त्यावर पाच मिनिटं उभे राहिलात तर कंटेनर लादलेले ट्रेलर एकामागून एक जाताना दिसतील. त्यातले बरेचसे उरणजवळच्या न्हावा शेवा बंदराकडे, म्हणजे जेएनपीटीकडे निघालेले असतात. या बंदराचा इराणमधल्या एका बंदराशी आणि तिथल्या रखडलेल्या रेल्वेशी संबंध आहे, असं मला कोणी एमएला असताना सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

संबंध असा आहे. जानेवारी २०१५ मध्ये जेएनपीटी आणि गुजरातमधलं कांडला बंदर यांनी मिळून ‘इंडिया पोर्ट्स ग्लोबल’ नावाची कंपनी काढली. जेएनपीटीचा वाटा ६० टक्के, कांडल्याचा ४०. परदेशातली बंदरं विकसित करायची हा हेतू आणि पहिलं मोठं काम इराणच्या चाबहारचं. २३ मे २०१६ रोजी तेहरानमध्ये भारत, इराण आणि अफगाणिस्तान यांच्यात चाबहारबद्दलचा करार झाला. भारताने तिथल्या शहीद बेहेश्ती टर्मिनलसाठी साडेआठ कोटी डॉलरची यंत्रसामग्री द्यायची असं ठरलं. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनीने तिथलं कामकाज हाती घेतलं. आणि नेमक्या त्याच महिन्यात जेएनपीटी आणि कांडला (तोवर त्याचं नाव दीनदयाळ झालं होतं) दोघंही कंपनीतून बाहेर पडले. त्यांचे शेअर सागरमाला डेव्हलपमेंट कंपनीकडे गेले. अमेरिकेच्या निर्बंधांची झळ या दोन बंदरांना लागू नये म्हणून हे केलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

गंमत म्हणजे त्यावेळी चाबहारला अमेरिकेने निर्बंधांतून सूट दिलेली होती. परवानगी हातात आहे, काम हातात आहे, तरी मालक बाजूला होतात. हे का होतं, ते समजून घेतलं की ‘निर्बंधांमुळे तेल विकणाऱ्या देशाला रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायला पैसे का कमी पडतात’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

माझा पहिला प्रश्न चुकीचा होता

तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करत असतील किंवा सिनॉप्सिस लिहायला बसले असतील, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतो. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधला प्रश्न होता: ‘निर्बंधांमुळे इराणचं तेलाचं उत्पन्न घटलं आणि त्यामुळे पायाभूत सुविधांवरचा खर्च घटला का?’ वाचायला ठीक वाटतो. गाईडनी कागद खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “उत्पन्न घटलं हे मान्य. पण जेवढं आलं, ते पैसे होते कुठे?”

मला उत्तर आलं नाही. पैसे म्हणजे पैसे, ते इराणच्या तिजोरीत असणार, असं मी गृहीत धरलं होतं. पुढचे चार महिने मी ते गृहीतक मोडून काढण्यात घालवले. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून हा लेख.

तेलाच्या विहिरीपासून पुलाच्या खांबापर्यंत पैशाला किती पायऱ्या चढाव्या लागतात ते आधी बघा. तेल जहाजात भरलं पाहिजे. जहाजाला विमा पाहिजे. ग्राहकाच्या बँकेने पैसे पाठवले पाहिजेत. ते पैसे अशा चलनात, अशा खात्यात यायला हवेत की विकणाऱ्याला ते हवे तिथे खर्चता येतील. मग ते सरकारच्या अंदाजपत्रकात जायला हवेत आणि पगार, पेन्शन, अनुदानं भागवून विकासकामांसाठी उरायला हवेत. उरलेल्या पैशाच्या जोरावर बाहेरून दीर्घ मुदतीचं कर्ज मिळायला हवं. आणि शेवटी कंत्राटदार, यंत्र, सुटे भाग मिळायला हवेत. माझ्या प्रश्नात फक्त पहिली पायरी होती. निर्बंध मात्र प्रत्येक पायरीवर उभे असतात. आता एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी: तेल कमी विकलं जातं

ही सगळ्यांना दिसणारी पायरी. डिसेंबर २०११ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत जो कायदा झाला त्याचा अर्थ थोडक्यात असा होता: इराणच्या मध्यवर्ती बँकेशी तेलाचे व्यवहार कराल, तर तुमच्या बँकेला अमेरिकेचा दरवाजा बंद होऊ शकतो. ज्या देशांनी इराणी तेलाची खरेदी लक्षणीय कमी केली त्यांना सूट होती. भारताला ती जून २०१२ मध्ये मिळाली. १ जुलै २०१२ पासून युरोपियन युनियनने खरेदी थांबवलीच, शिवाय इराणी तेल नेणाऱ्या टँकरना युरोपीय विमा मिळणंही बंद झालं. जगातल्या बहुतांश टँकरचा विमा लंडनभोवतीच्या मोजक्या संस्थांकडे असतो, त्यामुळे ज्यांनी कोणताही बहिष्कार घातला नव्हता त्या देशांनाही तेल उचलणं अवघड झालं.

परिणाम: २०११ मध्ये रोज सुमारे २५ लाख बॅरल निर्यात करणारा इराण २०१३ मध्ये ११ लाखांच्या आसपास आला. त्या काळात तेलाचा भाव फारसा हलला नव्हता, १०० डॉलरच्या वरच होता. म्हणजे उत्पन्न निम्म्याहून खाली आलं, हे तुम्ही पाठीमागच्या पानावर आकडेमोड करूनही काढू शकता. २०१२-१३ या वर्षात इराणची अर्थव्यवस्था सुमारे ७ टक्क्यांनी आकसली.

इथेच थांबलात तर तुमचा निष्कर्ष ‘निम्मे पैसे गेले, निम्मे उरले’ असा निघेल. खरी गोष्ट त्या उरलेल्या निम्म्याची आहे.

दुसरी पायरी: पैसे असतात, पण चालत नाहीत

या पायरीची बरीचशी कहाणी मुंबईत घडलेली आहे. भारत आणि इराण यांचे व्यवहार पूर्वी एशियन क्लिअरिंग युनियन या व्यवस्थेतून होत. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणी तेलाचे पैसे त्या मार्गाने देणं थांबवलं. मग जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधली एक इराणी मालकीची बँक मध्यस्थ झाली. मे २०११ मध्ये युरोपने त्या बँकेवरच निर्बंध टाकले. मग तुर्कस्तानच्या हाल्कबँकेचा रस्ता निघाला. मार्च २०१२ मध्ये अनेक इराणी बँका स्विफ्टमधून काढल्या गेल्या, म्हणजे जगभरच्या बँका एकमेकींना ज्यातून निरोप पाठवतात ती यंत्रणाच त्यांच्यासाठी बंद झाली. २०१२ मध्ये भारताने ठरवलं की तेलाच्या बिलाचे ४५ टक्के रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत जमा करायचे. युको बँकच का? तिचा अमेरिकेत फारसा व्यवसाय नव्हता, गमावण्यासारखं काही नव्हतं. उरलेले पैसे तुर्कस्तानमार्गे युरोत जात होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेचा नवा नियम लागू झाला: तेलाचा पैसा ज्या देशाने तेल घेतलं त्याच देशात राहील आणि तिथल्याच मालावर खर्च होईल. युरोचा रस्ताही संपला.

हे नीट कळावं म्हणून मी एक उदाहरण नेहमी देतो. समजा तुम्ही सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताय. गावाकडे वडिलांनी कांदा विकला. व्यापारी म्हणाला, “भाव ठरला तोच देतो, पण रोख नाही. पुण्यात माझ्या ओळखीची मेस आहे, तिथे तुमच्या मुलाच्या नावाने जमा करतो.” वहीत लिहिलंय साठ हजार. तुम्ही गरीब आहात का? वहीप्रमाणे नाही. दोन्ही वेळ जेवू शकता, मित्रांना जेवू घालू शकता. पण खोलीचं डिपॉझिट मेसच्या कुपनावर भरता येत नाही. लॅपटॉप घेता येत नाही. फार तर शंभराचं कुपन मित्राला सत्तरला विकून रोकड उभी कराल. म्हणजे साठ हजारांची खरी किंमत साठ हजार नाहीच.

युको बँकेतले रुपये हे इराणसाठी मेसचं कुपन होतं. त्यातून बासमती, चहा, सोयापेंड, साखर, औषधं घेता येत होती आणि इराणने घेतलीही. आपल्याकडच्या साखर आणि सोयाबीनच्या व्यापाऱ्यांना त्या काळात इराण हा हक्काचा ग्राहक वाटायचा, त्यामागे हे कारण होतं. पण त्या रुपयांनी युरोपातली टर्बाइन मिळत नव्हती. आणि सगळे पैसे जमाही होत नव्हते. २०१६ मध्ये निर्बंध सैल झाल्यावर भारतीय रिफायनऱ्यांनी जुनी थकबाकी हप्त्यांनी चुकती केली, तेव्हा ती सहा अब्ज डॉलरच्या वर होती. सहा अब्ज म्हणजे सहाशे कोटी डॉलर. तेल जळून गेलं, गाड्या धावल्या, आणि पैसे इथेच पडून.

ही फक्त इराणची गोष्ट आहे असं वाटत असेल तर आपल्या शेजारी गोव्यात या. मे २०२३ मध्ये तिथे शांघाय सहकार्य संघटनेची बैठक होती. रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी तिथे सांगितलं की भारतीय बँकांमध्ये रशियाचे अब्जावधी रुपये साठले आहेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलायला हवेत. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांत व्यापार करण्यासाठी खास खाती उघडायची सोय केली होती. खाती उघडली, पैसे आले आणि तोच जुना प्रश्न उभा राहिला: एवढ्या रुपयांचं करायचं काय? विकणारा देश आपल्याकडून जेवढं विकत घेतो त्यापेक्षा खूप जास्त आपल्याला विकतो, तेव्हा हे होणारच.

तिसरी पायरी: अंदाजपत्रकात आधी कात्री कशाला लागते?

आता समजा काही पैसे तिजोरीत पोचले. कमी पोचले. सरकार काय कापेल? शिक्षकाचा पगार, पेन्शन, पावावरचं अनुदान कापलं तर उद्या लोक रस्त्यावर येतील. अर्धवट पूल तसाच ठेवला तर लोक शिव्या देतील, पण पूल मोर्चा काढत नाही.

याला इराणच लागतो असं नाही. मे २०२० मध्ये कोविडमुळे महसूल आटला तेव्हा महाराष्ट्र शासनाने आदेश काढला की त्या वर्षी विकासाच्या योजनांवर तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च करायचा आणि नवी बांधकामं हाती घ्यायची नाहीत. पगार-पेन्शनला ही कात्री नव्हती. उत्पन्न अचानक कमी झालं की भांडवली खर्च आधी पडतो, हा जवळपास सगळीकडचा नियम आहे. फरक एवढाच की आपल्याकडे तो धक्का एक-दोन वर्षांत ओसरला आणि राज्याला कर्ज काढता येत होतं. इराणमध्ये तो वर्षानुवर्षं राहिला आणि बाहेरचं कर्ज जवळपास बंद होतं.

इराणमध्येही तेच झालं. २०१२-१३ मध्ये विकासकामांवर प्रत्यक्ष झालेला खर्च अंदाजपत्रकातल्या आकड्याच्या बराच खाली राहिला. कंत्राटदारांची बिलं थकली. २०१५ पासून इराण सरकारने त्या थकबाकीपोटी कंत्राटदारांच्या हातात ‘इस्लामिक ट्रेझरी बिलं’ ठेवायला सुरुवात केली. म्हणजे रोख नाही, वर्ष-दोन वर्षांनी पैसे देऊ असा कागद. ज्याला कामगारांची मजुरी उद्या द्यायची आहे तो हा कागद बाजारात कमी किमतीला विकतो. मग पुढच्या निविदेत तोच कंत्राटदार तो तोटा धरून भाव लावतो. काम महागतं. पुन्हा मेसचं कुपन, फक्त आता ते देशाच्या आतही फिरायला लागलं.

तुमच्यापैकी कोणी ‘तेलनिधी असतोच की’ असं म्हणेल. बरोबर आहे. इराणचा राष्ट्रीय विकास निधी २०११ मध्ये याचसाठी उभा राहिला. तेलाच्या उत्पन्नाचा किमान पाचवा हिस्सा त्यात जायचा आणि तो वाटा दरवर्षी वाढवायचा होता. पण निधी परकीय चलनात आणि चलन परक्या देशांतल्या खात्यांत अडकलेलं, तर निधीचा आकडा आणि निधीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी होतात. शोधनिबंधात फक्त आकडा वाचलात तर फसाल.

चौथी पायरी: यंत्र विकणारा, कर्ज देणारा, हमी देणारा

आता परत चाबहारला येऊ. इथे पैसे इराणचे नव्हतेच, भारताचे होते. तरतूद होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने प्रकल्पाला सूट दिली होती. मग क्रेन लगेच यायला हव्या होत्या. करार २०१६ चा. पहिल्या दोन क्रेन चाबहारला पोचल्या जानेवारी २०२१ मध्ये. प्रत्येकी १४० टन क्षमतेच्या, इटलीहून आलेल्या. मधल्या काळात निविदा निघाल्या, लांबल्या, यंत्र विकणाऱ्या कंपन्या पुढे येईनात.

कारण सोपं आहे. क्रेन विकणारी कंपनी अमेरिकेतल्या बंदरांनाही क्रेन विकते. तिची बँक डॉलरमध्ये धंदा करते. चाबहारच्या ऑर्डरमध्ये मिळणारा नफा एका पारड्यात आणि अमेरिकेची बाजारपेठ गमावण्याची शक्यता दुसऱ्या पारड्यात. शक्यता कितीही छोटी असो, बँकेचा कायदा विभाग म्हणतो, “कशाला?” लिखित सूट असूनही जी भीती शिल्लक राहते, तिला निर्बंधांच्या अभ्यासात अतिपालन म्हणतात: कायदा मागतो त्यापेक्षा जास्त दूर राहणं. जेएनपीटी कंपनीतून का बाहेर पडलं, हा सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. तो निर्णयही याच हिशोबाचा होता.

मोठ्या प्रकल्पांत हे आणखी ठळक दिसतं. फ्रान्सच्या टोटल कंपनीने जुलै २०१७ मध्ये साउथ पार्स वायूक्षेत्राच्या ११ व्या टप्प्यासाठी ४.८ अब्ज डॉलरचा करार केला. ८ मे २०१८ रोजी अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली आणि ऑगस्टपर्यंत टोटलही गेली. तिची जागा चिनी भागीदार घेणार होता. २०१९ मध्ये तोही निघून गेला. शेवटी काम इराणच्याच कंपनीकडे आलं.

आणि रेल्वे. चाबहार ते झाहेदान, सुमारे ६२८ किलोमीटर. २०१६ मध्ये भारताच्या इरकॉनने त्यासाठी सामंजस्य करार केला होता. जुलै २०२० मध्ये इराणने आपल्या राष्ट्रीय विकास निधीतून सुमारे ४० कोटी डॉलर घेऊन स्वतःच रूळ टाकायला सुरुवात केली. एमएला माझ्या वर्गात एक इराणी मुलगा होता, त्याच मार्गावरच्या इराणशहरचा. २०१८ मध्ये खुल्या बाजारात रियाल काही महिन्यांत निम्म्याहून खाली घसरला आणि त्याची वर्षाची फी घरच्यांसाठी दुपटीहून जास्त झाली. तो एकदा चहा पिताना म्हणाला होता, “आमच्याकडे रेल्वे येणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. आधी मी डिग्री घेऊन परत जातो की आधी रेल्वे येते ते बघू.” तो तिसऱ्या सेमिस्टरनंतर परत गेला, डिग्री न घेता. तेव्हा मला वाटलं ही त्याच्या घरची अडचण. आज मला दिसतं की त्याची फी आणि ती रेल्वे एकाच कारणाने अडली होती: घरात पैसे होते, पण इथे चालतील असे नव्हते.

पण थांबा, बरंच काही बांधलंही गेलं

इथपर्यंत वाचून ‘निर्बंध आले की बांधकाम ठप्प’ असा निष्कर्ष लिहू नका. परीक्षक पहिल्याच फेरीत तुम्हाला पकडतील. २०१७ मध्ये बंदर अब्बासजवळ ‘पर्शियन गल्फ स्टार’ रिफायनरीचा पहिला टप्पा सुरू झाला आणि पेट्रोल आयात करणारा इराण त्यात स्वयंपूर्ण झाला. मार्च २०१९ मध्ये काझवीन-रश्त रेल्वे सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये गोरेह ते जास्क ही सुमारे १००० किलोमीटरची तेलवाहिनी उघडली. तिच्यामुळे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून न जाता तेल बाहेर काढता येतं.

या यादीकडे नीट बघा. निर्बंधांना तोंड द्यायला जे सगळ्यात आधी लागेल, त्याला पैसे सापडले. काम देशातल्या कंपन्यांनी केलं. त्यात रिव्होल्युशनरी गार्डशी जोडलेल्या ‘खातम अल-अन्बिया’सारख्या बलाढ्य कंत्राटदार संस्थेचा वाटा मोठा होता. परदेशी स्पर्धक गेले की मैदान कोणाला मोकळं होतं, हा स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे. माझा मुद्दा असा की निर्बंध ‘किती बांधलं’ यापेक्षा ‘काय बांधलं, कोणी बांधलं, किती वर्षांत आणि किती महाग’ हे जास्त बदलतात. एकूण खर्चाचा एकच आकडा घेऊन बसलात तर हा बदल दिसणारच नाही.

आता तुम्ही हे कसं अभ्यासाल?

चार गोष्टी सांगतो. चारही ठिकाणी मी स्वतः अडखळलोय.

पहिली: ‘निर्बंध नसते तर?’ हा प्रश्न. खरा परिणाम म्हणजे जे झालं आणि जे झालं असतं यातला फरक. दुसरं कधी दिसत नाही. त्यासाठी संशोधक इतर तेल निर्यातदार देशांचं मिश्रण करून निर्बंध नसलेला एक ‘कृत्रिम इराण’ तयार करतात. पद्धत चांगली आहे, पण एक खाच आहे. इराणचं तेल कमी झालं तेव्हा तो ग्राहक सौदी, इराक, कुवेत यांच्याकडेच गेला. म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या देशांना त्याच निर्बंधांचा फायदा झालेला असतो. ते तुलनेसाठी स्वच्छ राहत नाहीत आणि परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो.

दुसरी: एकाच वेळी आलेले धक्के. जून २०१४ मध्ये ११० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं. हा धक्का सगळ्याच निर्यातदारांना बसला. २०१६ मध्ये इराणवरचे निर्बंध सैल झाले, पण तेव्हा भाव पडलेले होते. निर्बंध उठूनही बांधकाम उसळलं नाही, याचा दोष कोणाला देणार? व्हेनेझुएला हे उलट उदाहरण. तिथे तेलाचं उत्पादन २०१७ च्या आर्थिक निर्बंधांच्या आधीपासून घसरत होतं. सगळं निर्बंधांच्या खात्यावर टाकलं तर सरकारची स्वतःची चूक निसटते. सगळं सरकारच्या खात्यावर टाकलं तर निर्बंध निसटतात. लोक इथे आपापल्या राजकारणाप्रमाणे बाजू घेतात. संशोधकाला दोन्हीचा वेगवेगळा हिशोब मांडायला लागतो.

तिसरी: आकड्यांचं कॅलेंडर आणि चलन. इराणी वर्ष २१ मार्चच्या सुमाराला सुरू होतं, जवळपास आपल्या राष्ट्रीय शक कॅलेंडरच्या चैत्राबरोबर. त्यांचं १३९१ म्हणजे मार्च २०१२ ते मार्च २०१३. ते सरळ २०१२ म्हणून टाकलंत तर निर्बंधांची तारीख तीन महिने सरकते. चलनाची अडचण त्याहून मोठी. जुलै २०१३ मध्ये अधिकृत दर एका डॉलरला १२,२६० रियालवरून जवळपास २५,००० वर गेला. त्या आठवड्यात एकही पूल पडला नाही की बांधला गेला नाही, पण डॉलरमध्ये मोजलेला सरकारी खर्च कागदावर निम्मा झाला. त्यामुळे शक्य असेल तिथे किलोमीटर, मेगावॉट, क्रेनची संख्या असं प्रत्यक्ष मोजा. सिमेंटचा दर्जा खोटा असू शकतो, किलोमीटर मोजता येतो.

चौथी: निर्बंध कधी सुरू झाले? कायद्याची तारीख, अंमलाची तारीख आणि भीतीची तारीख या तीन वेगळ्या असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेलावरचे निर्बंध परत आले, पण टोटल ऑगस्टमध्येच निघाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने चाबहारची सूट काढून घेतली आणि पुढच्याच महिन्यात सहा महिन्यांची मुदत दिली. मे २०२४ मध्ये भारताने याच बंदरासाठी दहा वर्षांचा करार केला होता. दहा वर्षांच्या कराराला सहा महिन्यांची मुदत. क्रेन विकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा, म्हणजे अनिश्चिततेची किंमत वेगळी का मोजायला हवी ते कळेल.

शेवटी माझा प्रश्न काय झाला?

सिनॉप्सिस मी तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा प्रश्न असा झाला: ‘तेलातून मिळालेल्या पैशापैकी किती पैसा पायाभूत सुविधांसाठी लागणाऱ्या वस्तूंवर खर्च करता येण्याजोगा होता, आणि तो भाग कमी-जास्त झाल्याने कोणत्या प्रकारची कामं रखडली?’ लांबलचक आहे, मान्य. पण याच्यात पैसे किती, कुठे, कोणत्या चलनात, कशासाठी, हे चारही आले. आणि मुख्य म्हणजे हा प्रश्न चुकीचा ठरू शकतो. समजा आयात यंत्रं लागणारी कामं आणि देशी सिमेंट-मजुरीवर होणारी कामं सारख्याच प्रमाणात रखडलेली निघाली, तर माझं म्हणणं पडलं; तर मग कारण पैशाचं चलन नसून फक्त पैशाची टंचाई आहे.

तुमचा विषय कोणताही असो, शेतमालाचे भाव असो की महापालिकेचे रोखे, हा खेळ एकदा करून बघा. तुमच्या प्रश्नात ‘पैसा’, ‘निधी’, ‘उत्पन्न’ असा शब्द आला की शेजारी पेन्सिलने लिहा: हा पैसा आत्ता कुठल्या खात्यात आहे आणि त्याने काय विकत घेता येत नाही? उत्तर येत नसेल तर सिनॉप्सिस सबमिट करायची घाई करू नका. चार महिने गेले तरी चालतील. व्हायव्हाला जाऊन हाच प्रश्न ऐकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.